परिपाठातील बोधकथा खरी आहे का, हे कसे तपासावे

मी ठाण्यातील एका शाळेत आठवीच्या वर्गाला मराठी शिकवते. आमच्या परिपाठात प्रार्थना, सुविचार आणि दिनविशेष झाल्यावर एक बोधकथा सांगितली जाते आणि अलीकडे ही बोधकथा पुस्तकातून येण्याऐवजी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आलेल्या संदेशातून येते. मागील वर्षी एका सकाळी मी स्वतः थॉमस एडिसनच्या आईची गोष्ट सांगितली. शाळेने दिलेल्या चिठ्ठीत ‘तुमचा मुलगा मतिमंद आहे, त्याला शाळेत पाठवू नका’ असे लिहिलेले असते, आई मात्र डोळ्यांत पाणी आणून ‘तुमचा मुलगा असामान्य बुद्धीचा आहे, त्याला शिकवण्याची आमची पात्रता नाही’ असे मोठ्याने वाचते आणि आईच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी एडिसनला ती चिठ्ठी जुन्या सामानात सापडते, अशी ती गोष्ट. वर्गात आल्यावर एका मुलीने विचारले, “बाई, ती चिठ्ठी आता कुठे ठेवली आहे?” मला उत्तर देता आले नाही.

तिचा तो प्रश्न हीच तपासणीची सर्वांत उपयोगी पायरी आहे, असे मी आता मानते. खऱ्या घटनेचा काही ना काही माग राहतो. कुठे पत्र असते, कुठे निकालाची यादी, कुठे त्या काळातील वर्तमानपत्र, तर कुठे रुग्णालयाची किंवा संस्थेची नोंद. म्हणून संदेश हाती आला की प्रथम तो कागदावर उतरवून घ्यावा आणि त्यातील व्यक्तीचे नाव, वर्ष, ठिकाण, आकडा आणि वस्तू एवढ्याच गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ मारावी. रेघ मारण्यासारखे काहीच सापडले नाही, म्हणजे ‘एका गावात एक शेतकरी राहत होता’ एवढाच आधार असला, तर ती कथा आहे आणि ती कथा म्हणून खुशाल सांगावी. पंचतंत्रातील कावळ्याचा पत्ता कोणी विचारत नाही आणि विचारण्याचे कारणही नाही. तपासणीची जबाबदारी सुरू होते ती गोष्टीला खऱ्या माणसाचे नाव चिकटते तेव्हा, कारण त्या माणसाच्या आयुष्यात आपण न घडलेले काहीतरी घुसडत असतो.

एडिसनच्या गोष्टीत रेघ मारण्याजोगे बरेच होते. त्या आठवड्यात मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले. १८९३ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयाचा उपयोग आपण ठाणेकर अशा कामासाठी फार कमी करतो, याची मला खंत वाटते. चरित्रे आणि ऑनलाइन उपलब्ध साधने यांतून जे हाती आले ते असे. एडिसनचा जन्म १८४७ चा, आईचे नाव नॅन्सी आणि ती पूर्वी शिक्षिका होती. मुलगा लहान असताना शिक्षकाने त्याच्याविषयी ‘याचे डोके ठिकाणावर नाही’ अशा अर्थाचे उद्गार काढले, ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले आणि रडत घरी येऊन आईला सांगितले. आई संतापून शाळेत गेली, शिक्षकांशी भांडली आणि पुढे तिने त्याला घरीच शिकवले. ही आठवण एडिसननेच मोठेपणी सांगितलेली आहे. म्हणजे शिक्षकाचे मत आईने त्याच्यापासून लपवून ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते घरी आणणारा तोच होता. एडिसनच्या कागदपत्रांवर अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात अनेक वर्षे काम चालू आहे आणि त्यातील फार मोठा भाग सर्वांसाठी खुला आहे, परंतु संदेशातील त्या चिठ्ठीचा मूळ कागद आजवर कोणीही दाखवलेला नाही.

येथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. तपासणी केली की प्रेरणा नाहीशी होते, अशी भीती अनेकांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. मुलासमोर खोटे वाचणाऱ्या आईपेक्षा, मुलाचा अपमान ऐकून शाळेच्या दारात जाऊन उभी राहणारी आणि नंतर रोज त्याला शिकवायला बसणारी आई मला कितीतरी मोठी वाटते. रचलेल्या चिठ्ठीने त्या बाईचे खरे कर्तृत्व झाकून टाकले आहे.

मूळ साधन सापडत नाही तेव्हा ते जिथे असायलाच हवे होते त्या जागी पाहावे. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या शिक्षकाला लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या भिंतींवर आहे, आमच्याही आहे. लिंकनचे लेखन आणि पत्रव्यवहार १९५३ मध्ये संकलित होऊन अनेक खंडांत प्रसिद्ध झाला आणि मिशिगन विद्यापीठाने ते खंड ऑनलाइन ठेवले आहेत, त्यात हवा तो शब्द टाकून शोध घेता येतो. त्या संग्रहात हे पत्र नाही. एवढा प्रसिद्ध मजकूर जर लिंकनच्या अभ्यासकांच्या संग्रहात नसेल आणि केवळ भित्तिपत्रके व संदेश यांतच आढळत असेल, तर तो लिंकनचा म्हणून सांगता येत नाही. महात्मा गांधींच्या वचनांसाठीही हीच रीत वापरावी. साबरमती आश्रमाच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर त्यांचे संकलित वाङ्मय खुले आहे. ‘जगात जो बदल पाहू इच्छिता तो स्वतः व्हा’ हे वाक्य त्यात मिळत नाही. मात्र आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाच्या प्रवृत्तीही बदलतील, या आशयाचे त्यांचे लेखन १९१३ मधील आहे आणि ते निःशंकपणे उद्धृत करता येते.

हयात व्यक्तीच्या नावाने आलेल्या वचनासाठी तिचे अधिकृत खाते पाहावे. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या काळात, अर्थव्यवस्था पुन्हा उभी राहील असा धीर देणारा एक मजकूर तेव्हा हयात असलेल्या रतन टाटा यांच्या नावाने सर्वत्र फिरत होता. तो आपण बोललेलो नाही आणि लिहिलेलाही नाही, असे टाटा यांनी स्वतः ट्विटरवर स्पष्ट केले. तरीही असे मजकूर थांबत नाहीत, कारण खुलासा मूळ संदेशाइतका लांब पोहोचत नाही. संदेशावर दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण दिसली, तर तो किमान पाच वेळा पुढे जाऊन आपल्यापर्यंत आला आहे एवढेच समजावे. ती खूण खोटेपणाचा पुरावा नाही, परंतु पाठवणाऱ्याला मूळ ठाऊक नसण्याची शक्यता मोठी आहे, हे ती सांगते.

निसर्गातील बोधकथांना कागदपत्रे नसतात, तेव्हा त्या प्राण्याच्या शरीराकडे पाहावे. गरुड चाळीस वर्षांचा झाला की डोंगरावर जाऊन खडकावर चोच आपटून तोडतो, नवी चोच आल्यावर नखे आणि पिसे उपटतो आणि पाच महिन्यांनी नवे शरीर घेऊन आणखी तीस वर्षे जगतो, ही कथा माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा तरी येते. सोबतच्या चित्रात बहुधा पांढऱ्या डोक्याचा गरुड असतो, जो उत्तर अमेरिकेतील पक्षी आहे. निसर्गात तो साधारण वीस ते तीस वर्षे जगतो आणि पायात कडी घालून नोंदवलेल्या अशा गरुडांतील सर्वांत दीर्घायुषी पक्षी अडतीस वर्षांचा होता. चोचीच्या आत हाड असते आणि वरचे आवरण आपल्या नखांसारखे सतत वाढते व झिजते. चोच तुटलेला शिकारी पक्षी खाऊ शकत नाही, तो पाच महिने तग धरणार कसा? पिसांचे उत्तर तर आपल्याकडे डोक्यावरच आहे. ऐरोलीच्या खाडीकिनारी रोहित पक्षी पाहायला मुलांना नेले होते, तेव्हा आमच्या वर एक घार संथपणे घिरट्या घालत होती. तिच्या उजव्या पंखाच्या कडेला एक अरुंद फट दिसत होती, जणू कंगव्याचा एखादा दात निघावा. पक्षी जुनी पिसे अशी एकदोन करून गाळतो आणि त्यांच्या जागी नवी येईपर्यंत उडत राहतो, हे मुलांना तिथेच दाखवता आले. उकळत्या पाण्यातील बेडकाच्या गोष्टीलाही हाच न्याय लावावा. पाणी हळूहळू तापवले तरी धडधाकट बेडूक असह्य होताच बाहेर उडी मारतो.

यशोगाथा तपासताना अधिक संयम लागतो, कारण त्यात जिवंत आणि बहुधा साधी माणसे असतात. ठाण्यातील रिक्षाचालकाची मुलगी कलेक्टर झाली, असा संदेश आला तर कोणत्या वर्षाचा निकाल हे आधी विचारावे आणि संघ लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावरील अंतिम यादी उघडावी. त्यात गुणवत्ता क्रमांक, आसन क्रमांक आणि नाव असते. नुसते नाव जुळणे पुरेसे नाही. २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेचा निकाल लागल्यावर यशस्वी उमेदवारांशी नावे जुळणाऱ्या दोघांनी आपली निवड झाल्याचा दावा केला होता आणि तो बनावट असल्याचे आयोगाला मे २०२३ मध्ये जाहीर करावे लागले. शिवाय निवड झालेला प्रत्येक जण प्रशासकीय सेवेतच जातो असे नाही आणि जो जातो तोही आधी प्रशिक्षण व कनिष्ठ पदांवरील काम करूनच जिल्हाधिकारी होतो, त्यामुळे ‘निकालाच्या दुसऱ्या दिवशी कलेक्टर’ या वाक्यावर लगेच थांबावे. यादीत नाव नसेल तर गोष्ट पुढे पाठवू नये, एवढेच आपले काम. त्या मुलीचे घर शोधत जाणे किंवा तिला फोन करणे हा आपला अधिकार नाही.

छायाचित्र असेल तर ते गूगल लेन्समध्ये टाकून सर्वांत जुनी नोंद शोधावी. पुष्कळदा चित्र दुसऱ्याच देशातील किंवा दुसऱ्याच प्रसंगाचे निघते.

गोष्टीच्या शेवटी क्यूआर कोड किंवा यूपीआय क्रमांक असेल, तर मात्र ती गोष्ट राहत नाही, ती पैशांची मागणी ठरते. संस्थेचा नोंदणी क्रमांक मागून तो धर्मादाय आयुक्तालयाकडील नोंदीशी ताडून पाहावा, रुग्णाचे प्रकरण असल्यास मदत थेट रुग्णालयाच्या खात्यावर देता येईल का ते विचारावे आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

यानंतरचे काम सर्वांत नाजूक आहे. आमच्या सोसायटीच्या गटावर गरुडाची कथा पाठवणारे काका सत्तरीच्या पुढचे आहेत आणि नुकतेच मोठ्या आजारातून उठले आहेत. त्यांना गटात सर्वांसमोर खोडून काढणे मला क्रूरपणाचे वाटले. मी त्यांना वेगळा संदेश लिहिला: “काका, तुम्ही पाठवलेली गरुडाची गोष्ट वाचली. आजारपणानंतर ती तुम्हाला का जवळची वाटली, हे मी समजू शकते. मात्र गरुड चोच तोडत नाही, चोच तुटली तर तो उपाशी मरेल. पक्षी एकेक पीस बदलत उडत राहतात, ऐरोलीला आम्ही ते पाहिले. फोटो सोबत पाठवते.” दुसऱ्या दिवशी त्यांनी गटात घारीचा तो फोटो टाकला आणि खाली स्वतःच्या शब्दांत खुलासा लिहिला.

शाळेच्या भिंतीवरील पत्राचे काय करावे, यावर आमच्या शिक्षक खोलीत बराच वेळ चर्चा झाली. मजकूर सुंदर आहे आणि त्यातील मराठी तर मुलांनी वाचावी अशीच आहे, म्हणून चौकट काढू नये असे सर्वांचे मत पडले. चौकटीतील लिंकनच्या नावावर आता एक कागदी पट्टी चिकटवली आहे. अक्षर आठवीतल्या त्याच मुलीचे आहे आणि मजकूर एवढाच आहे: ‘मूळ लेखक अज्ञात. मराठी रूपांतर : वसंत बापट.’