पद्मिनीचं इंजिन बदलायचं की बांधायचं?

जुन्या फियाट किंवा प्रीमियर पद्मिनीनं निळा धूर सोडला की गॅरेजवाला लगेच दुसरं इंजिन सुचवतो. त्याआधी प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. ते कमी भरलं, तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर झीज पिस्टनच्या रिंगांची किंवा बोअरची, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीची. जागचा हलला नाही तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर (ब्लॉक आणि हेडमधलं सील). यातलं बहुतेक काम लेथवाल्याकडे होतं: बोअरिंग करून (सिलेंडर आतून किंचित मोठा कापून) ओव्हरसाइझ, म्हणजे थोडे मोठे पिस्टन, नाहीतर सिलेंडरला नवे स्लीव्ह (आतलं अस्तर). 1089 सीसीचं हे साधं इंजिन खोलून पुन्हा बांधायला अवघड नाही. ब्लॉकलाच तडा गेला असेल, तर मात्र बदलण्याचा विचार रास्त. तोही शक्यतो त्याच जातीच्या इंजिनाचा. डिझेल बसवायच्या फंदात पडू नका. वजन पुढच्या सस्पेन्शनवर येतं आणि थरथर अख्ख्या बॉडीला सोसावी लागते.

कागदांची बाजू जास्त महत्त्वाची. इंजिन नंबर आरसीवर असतो, त्यामुळे बदलाआधी आरटीओत चौकशी करा. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण ती मूळ रूपात हवी. इंजिनात मोठा फेरफार केला की तो दावा अडचणीत येतो. तरीही बदललंच, तर जुनं इंजिन भंगारात देऊ नका. ऑइल लावून, भोकं बुजवून ठेवा. पुढचा गिऱ्हाईक नंबर जुळतो का ते आधी बघतो.