लेकराच्या जीपला ड्रिलची बॅटरी

"मामा, गाडी चढंना."

अंगणातून ओट्यावर यायला फरशीचा एक छोटा उतार आहे. भाच्याची बॅटरीवर चालणारी, आत बसून पळवायची खेळण्यातली जीप तिथं घुं-घुं करत अडकली होती आणि तो आत बसून रेस दाबून दाबून थकला होता. वर्षभरापूर्वी ह्याच उतारावरून ती सहज जायची. आज्जीनं निकाल देऊन टाकला, "मोटर गेली, टाका भंगारात."

मोटर क्वचितच जाते. जाते ती सीटखालची बॅटरी. म्हणून आधी मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) डीसी २० च्या रेंजवर ठेवून तिची तपासणी करा. पूर्ण चार्ज झाल्यावर, गाडी उभी असताना, १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. मग लेकराला बसवून रेस दाबायला लावा आणि पुन्हा बघा. आकडा १०.५ च्या खाली कोसळला तर बॅटरी संपली. १२ च्या जवळ टिकून असूनही गाडी हलेना, तर खोट स्विच, वायर किंवा गिअरमध्ये आहे. नवी बॅटरी घालून काही होणार नाही.

ह्या गाड्यांत बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) लेड-ॲसिड बॅटरी असते. आपल्या फवारणी पंपात असते त्याच जातीची. ती मरते कारण लेकरू गाडी पार थांबेपर्यंत चालवतं आणि मग शाळा लागली की ती महिनोन्‌महिने तशीच कोपऱ्यात पडून राहते. रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो, तो पुढं चार्जरला जुमानत नाही. शिवाय तो ७ एएचचा आकडा २० तास हळूहळू वापरण्याचा आहे, म्हणजे सतत ०.३५ अँपिअर. गाडी ओढते दहा-दहा अँपिअर. त्या वेगानं वापरली की त्यातलं बरंच हाती लागत नाही.

खरं सांगायचं तर, गाडी महिन्यातून दोनदाच निघत असेल तर फवारणी पंपाच्या दुकानातून तशीच बॅटरी आणा आणि हा लेख इथंच सोडा. रोज संध्याकाळी अंगणात धुमाकूळ असेल आणि घरात कॉर्डलेस ड्रिल पडून असेल, तरच पुढची खटपट वसूल होते.

ड्रिलची '१८ व्होल्ट' किंवा '२० व्होल्ट' लिहिलेली बॅटरी आतून सारखीच असते: लिथियमचे पाच सेल एकापुढे एक. पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट, मधल्या काळात १८, आणि १५ ला थांबायचं. बाजारातल्या स्वस्त बॅटऱ्यांवर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ असं काहीही छापलेलं असतं. त्याला भुलू नका, मीटर लावा. बहुतेक वेळा २१ च निघतात. ४ एएचची बॅटरी ७२ वॅट-तासांची भरते. जुनी १२ गुणिले ७, म्हणजे कागदावर ८४. तरी लिथियमवाली जास्त वेळ पळवते, आणि सव्वादोन किलोच्या धोंड्याऐवजी पाऊण किलोच्या आत काम होतं.

आता माझा मूर्खपणा. पहिल्यांदा मी ड्रिलची बॅटरी सरळ जीपच्या वायरीला जोडली. जीप अशी उसळली की भाचा खुशीत ओरडला, मी पण हसलो. तिसऱ्या फेरीला मागच्या चाकातून 'टर्रर्र' आवाज आला. गिअरबॉक्स उघडला तर ग्रीसमध्ये पांढरा चुरा होता आणि छोट्या गिअरचे चार दात साफ गुळगुळीत. प्लॅस्टिकचाच गिअर तो, १२ व्होल्टच्या हिशेबानं केलेला. १८ व्होल्ट दिले की वेग दीडपट होतो आणि धडकेची ताकद सव्वादोन पट. ब्रेक म्हणावा तर नाहीच, रेस सोडली की मोटर जेवढं अडवील तेवढंच. रिमोटवाली गाडी असेल तर तिचं सर्किटही १२ व्होल्टचंच असतं, ते जळतं ते वेगळं.

म्हणून मध्ये कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्ट उतरवणारी डबी, लावून १८ चे १२ करून द्यायचे. "मग फायदा काय?" असं शेजारच्या सुतारानं विचारलं. फायदा असा: जुनी बॅटरी चढाला लागली की ९-१० व्होल्टवर बसते. कन्व्हर्टर १२ चे १२ च धरून ठेवतो. लेकराला चढ चढायला ओढ पाहिजे, वेग नको.

सामान लातुरात गंजगोलाईच्या आसपास किंवा तुमच्या गावच्या ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानात बरंचसं मिळतं. बॅटरी बसवायचा ॲडाप्टर मात्र ऑनलाइनच बघावा लागतो. प्लॅस्टिकची खाच असते, त्यात बॅटरी सरकते आणि मागून दोन वायरी निघतात. कंपनीगणिक खाच वेगळी, तेव्हा आपली बॅटरी बघूनच घ्या. बॅटरीच्या फटीत पत्र्याच्या पट्ट्या खुपसून काम भागवू नका. सैल जोड तापतो आणि प्लॅस्टिक वितळतं. कन्व्हर्टर १२ व्होल्ट २० अँपिअरचा, ॲल्युमिनियमच्या बंद डबीतला. ट्रकच्या २४ व्होल्टवर १२ चा टेप चालवायला असलेच मिळतात, पण घेताना इनपुट वाचा. तो १५ ते २१ व्होल्टवर चालला पाहिजे. काही २० च्या खाली चालूच होत नाहीत. सोबत फ्यूज-होल्डर, पिवळा २० चा ब्लेड फ्यूज, अडीच एमएमची मल्टिस्ट्रँड वायर, वायरीच्या टोकाला दाबायच्या थिंबल, आणि लो-व्होल्टेज कट-ऑफचं मॉड्यूल, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट खाली गेले की वीज तोडणारं, ज्याचा रिले (आतला स्विच) किमान २० अँपिअरचा असेल.

२० चाच फ्यूज का, तर १२ व्होल्टवर २० अँपिअर म्हणजे २४० वॅट. तेवढेच वॅट १८ व्होल्टवर ओढले तर सव्वातेराच्या आसपास, तोटा धरून पंधरा अँपिअर. बॅटरी संपत आली की थोडे वाढतात. २० बरोबर बसतो.

जुनी बॅटरी काढा. त्यानंतरचं काम लोक हमखास विसरतात: गाडीच्या चार्जिंग पिनची वायर आतून तोडून टेप मारा. नाहीतर कुणीतरी सवयीनं जुना चार्जर तिथं खुपसणार. लिथियम बॅटरी फक्त तिच्या स्वतःच्या चार्जरवर चार्ज करायची.

ॲडाप्टरच्या लाल वायरवर, बॅटरीपासून वीतभराच्या आत, फ्यूज. पुढं कट-ऑफ, पुढं कन्व्हर्टर, आणि कन्व्हर्टरच्या १२ व्होल्टला गाडीच्या मूळ वायरी. काळ्या वायरी काळ्याला. ॲडाप्टरला आणखी पिना असतील तर त्या मोकळ्याच राहू द्या. जोड पिळून टेप लावलेला नको. थिंबल पक्कडीनं दाबून वर स्लीव्ह चढवा. गाडीला जोडण्याआधी कन्व्हर्टरच्या तोंडाशी मीटर लावून १२ येतात का आणि प्लस-मायनस सरळ आहे का ते बघा.

कट-ऑफ १५.५ व्होल्टला लावा आणि परत चालू व्हायचा आकडा १८ च्या वर ठेवा. ह्यात कंजूषपणा करू नका. बऱ्याच बॅटऱ्यांत रिकामी होताना थांबवण्याचं काम ड्रिल करतं, बॅटरी नाही. जीपमध्ये ड्रिल नाही, आणि लेकरू तर गाडी हलायची थांबेपर्यंत उतरणार नाही. एकदा सेल फार खाली गेले की चार्जर त्यांना घेत नाही.

कन्व्हर्टर जुन्या बॅटरीच्या जागेत स्क्रूनं आवळा, पण भोवती हवा खेळू द्या. स्पंज किंवा चिंध्या कोंबू नका. बॅटरीला मात्र पट्टा हवा, नाहीतर रानातल्या ढेकळांवरून जाताना ती ॲडाप्टरमधून सुटते.

चाचणी रिकाम्या गाडीवर. मागची चाकं विटांवर उचलून पाच मिनिटं चालवा, मग अंगणात लेकरासकट दहा मिनिटं. उतरवून लगेच फ्यूज-होल्डर, थिंबल आणि ॲडाप्टर बोटानं चाचपा. कोमट चालेल. चटका बसला तर जोड सैल आहे, तो परत करा. निघतानाच फ्यूज उडाला तर ३० चा हिरवा घालायचा मोह आवरा आणि आधी चाक मोकळं फिरतंय का ते बघा. आमच्या जीपच्या एका चाकात सुतळी गुंडाळली होती.

मराठवाड्यातला उन्हाळा ह्या बॅटरीला सोसत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. लिथियम ४५ अंशांच्या वर चार्ज करायचीच नाही. खेळ झाला की बॅटरी काढून घरात आणा, अर्धा तास निवू द्या, आणि सकाळी कुणीतरी जागं असताना चार्जिंगला लावा. गाडीत तशीच ठेवली तर कट-ऑफ आणि कन्व्हर्टर थोडीथोडी पीत राहतात.

एक अडचण मागाहून आली. वजन कमी झालं आणि मागची प्लॅस्टिकची चाकं फरशीवर जागच्या जागी फिरायला लागली. सायकलची जुनी ट्यूब आडवी कापून दोन्ही चाकांवर चढवली आणि कडेला चार-चार छोटे स्क्रू मारले. आता जीप ओटा चढते. आज्जीची तक्रार बदलली आहे: "रबराचे काळे पट्टे कोण पुसायचे?"