गावात पवनचक्की येतेय आणि विरोध करायचाय? मग सुनावणीची वाट बघू नका

आमच्या गावात वर्षभर लोक हेच म्हणत बसले की जनसुनावणी लागू द्या मग बघून घेऊ, अन् तोवर माळावर खड्डे खणून काँक्रीट भरूनही झालं. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाहीच, त्यामुळं खाणीला लागते तशी सुनावणी पवनचक्कीला लागत नाही. भूसंपादनही बहुतेक ठिकाणी नसतं, एजंट एकेका शेतकऱ्याला गाठून भाडेपट्टा नायतर खरेदीखत करतो, म्हणजे 2013 च्या भूसंपादन कायद्यातली संमतीची टक्केवारी पण इथं कामाची नाही. जे काय करायचं ते सह्या व्हायच्या आधी.

तर आधी गट नंबर काढा. कुणाकुणाच्या रानात पंखा बसणार, रस्ता कुठून जाणार, तारा कुठून. मग प्रत्येक गटाचा सातबारा बघा, भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, गायरान आहे का, वनखात्याची आहे का. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ खाली परवानगी लागते, आणि वनजमीन असेल तर वनहक्काचे दावे निकाली निघालेत का ते विचारा. एवढ्यावरच बरीच कामं अडतात.

माहिती अधिकाराचे अर्ज तीन ठिकाणी टाका, तहसील, ग्रामपंचायत आणि महाऊर्जा (राज्य सरकारची अपारंपरिक ऊर्जेची संस्था). 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. "परवानगी का दिली" असं विचारू नका, उत्तर येत नाही. "या गटांबाबत आलेले सर्व अर्ज, नकाशे, ना-हरकत आणि परवानग्यांच्या प्रती द्या" असं लिहा.

आता ग्रामसभा, इथंच सगळा खेळ होतो. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. पण सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला कोरम लागत नाही! म्हणजे पहिल्या सभेला कुणी फिरकलं नाही की दुसऱ्यांदा दहा-बारा जणांत ना-हरकतीचा ठराव करून मोकळे. आमच्याकडं तर अजून भारी झालं, हजेरीच्या सह्या घेतल्या अन् वर मोकळी सोडलेली जागा होती तिथं नंतर विषय लिहिला, आमच्या चुलत्याची सही त्यात आहे आणि ते शपथेवर सांगतात की त्या दिवशी फक्त पाण्याच्या टाकीवर बोलणं झालं. म्हणून प्रोसिडिंग बुकात शेवटच्या ओळीखाली रेघ मारायला लावा, सूचक-अनुमोदकाची नावं वाचून घ्या, पानाचा फोटो तिथंच काढा. विरोधाचा ठराव करताना नुसतं "गावाचा विरोध आहे" लिहू नका, गट नंबर, विहीर, पाणंद, शाळा, घरांचं अंतर असं सगळं घाला. आणि खोटं कशाला बोलू, अनुसूचित क्षेत्र (म्हणजे आदिवासी भाग, तिथं ग्रामसभेला जादा अधिकार असतात) सोडलं तर हा ठराव काय ब्रह्मास्त्र नाही. पण पुढं कोर्टात गेलात तर तोच कागद बोलतो.

अंतर मोजा. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत राहत्या घरापासून 500 मीटरच्या आत पंखा नको असं आहे. रस्ता, रेल्वे, इमारत यांच्यासाठी वेगळा हिशोब, मनोऱ्याची उंची अधिक पात्यांच्या व्यासाचा निम्मा अधिक 5 मीटर. समजा मनोरा 120 मीटर आणि व्यास 140, तर 120 अधिक 70 अधिक 5, झाले 195. आम्ही वस्तीवरच्या शेवटच्या घराच्या उंबऱ्यापासून आखलेल्या खुणेपर्यंत टेप धरला, सोबत ग्रामसेवक, अन् जाग्यावर पंचनामा लिहून घेतला. मोबाईलवरचं अंतर साहेब लोक मानत नाहीत. आवाजाचं पण तसंच, निवासी भागात रात्री 10 नंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे.

पैशाच्या बोलणीत आंदोलनातल्या कुणीच एकट्यानं बसायचं नाही, चहाला पण नाही. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 ला हत्या झाली, आरोपपत्रात त्या प्रकरणाचा धागा पवनऊर्जा कंपनीकडं मागितलेल्या खंडणीशी जोडलाय. त्यानंतर तर कंपनीच्या गेटवर नुसतं उभं राहिलं तरी लोक संशयानं बघतात. मागण्या लेखी द्या, पोच घ्या, आवक नंबर टाकून घ्या.

आणि ज्यांनी सह्या केल्यात त्यांच्याशी भांडू नका राव. सोयाबीनला भाव नाही, लेकीचं लग्न आहे, माणूस करणार काय. आम्हाला कराराची झेरॉक्स शेवटी अशाच एकाकडून मिळाली, 29 वर्षांचा करार, सगळा इंग्रजीत, अन् त्याला मराठीत वाचून दाखवताना वर्षं सांगितली होती नऊ.