जेटीत सगळ्या ॲपना एकच डिफॉल्ट: नुसती फाइल कॉपी करून भागत नाही

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांची ऑर्डरची, सुताच्या साठ्याची ॲप्स मी जेटीवर (जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर) चालवतो. सगळीकडे पहिली तक्रार एकच: "मुनीम जेवून येईपर्यंत लॉगिन उडतंय." कारण सगळ्या ॲपना लागू होणाऱ्या जेटीच्या 'वेबडिफॉल्ट डॉट एक्सएमएल' फाइलीत सेशन टाइमआउट, म्हणजे वापर थांबल्यावर लॉगिन टिकण्याची मुदत, ३० मिनिटांचा आहे. त्याच फाइलीत 'डिर-अलाउड' ट्रू असतं, म्हणजे इंडेक्स फाइल नसलेल्या फोल्डरची यादी ब्राउझरमध्ये उघडी पडते. हे दोन्ही एकदाच, सगळ्या ॲपसाठी बदलायचं.

जेटी-बेस (तुमची ॲप्स आणि सेटिंग असलेला फोल्डर) तयार आहे, एचटीटीपी आणि डिप्लॉय (ॲप सर्व्हरवर चढवणारं) मॉड्यूल जोडलेली आहेत, हे धरून चालतो. खालचं सगळं आवृत्ती ९.४चं आहे. १२मध्ये या फाइलीच्या नावाला 'ईई८', 'ईई९', 'ईई१०' अशी शेपटी लागते.

जेटी-होममधली (जेटीचा मूळ फोल्डर) वेबडिफॉल्ट बेसच्या 'ईटीसी' फोल्डरमध्ये कॉपी करा. होममधल्या मूळ फाइलीला हात लावू नका. "तिथंच बदला, काय होतंय" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पुढच्या अपग्रेडला नवं होम आलं की तुमचा बदल गेलाच म्हणून समजा.

आता अडतं ते इथं. कॉपीत टाइमआउट १२० केला, सर्व्हर उठवला, तरी लॉगिन अर्ध्या तासात उडतच होतं. यात माझे दोन दिवस गेले. मला वाटायचं, बेसमध्ये त्याच नावाची फाइल दिसली की जेटी तीच उचलेल. तसं होत नाही. डिप्लॉय मॉड्यूल मुकाट होममधलीच फाइल वाचतं. बेसच्या 'स्टार्ट डॉट डी' फोल्डरमधली डिप्लॉयची आयएनआय (सेटिंगची फाइल) उघडा (तो फोल्डर नसेल तर 'स्टार्ट डॉट आयएनआय'). 'डिफॉल्ट्स-डिस्क्रिप्टर-पाथ'ची ओळ तिथं आधीपासून असते, बेसचा पत्ताही बरोबर असतो, फक्त पुढं हॅश (#) असतो, म्हणून जेटी ती ओळ वाचतच नाही. तो काढा. बस्स, एवढ्यासाठी दोन दिवस!

दुसरी चूक तर मी हौसेनं केली. एवढी लांबलचक फाइल कशाला, म्हणून फक्त टाइमआउटच्या चार ओळींची नवी फाइल लिहिली. चित्रं, सीएसएस, जेएसपी (जावाची वेब पानं) सगळं ४०४, म्हणजे 'सापडत नाही'. साधी फाइल ब्राउझरला वाढणारा डिफॉल्ट सर्व्हलेट (जावाचा छोटा प्रोग्राम) आणि जेएसपीचं मॅपिंग याच फाइलीत असतं, आणि तुमची फाइल जुनीत मिसळत नाही, तिच्या जागी बसते. म्हणून पूर्ण कॉपी घ्या, हवे तेवढेच आकडे बदला.

मग सर्व्हर बंद करून चालू करा. हॉट डिप्लॉयची (सर्व्हर चालू असतानाच ॲपचे बदल उचलण्याची सोय) नजर वेबॲप्स फोल्डरवर असते, या फाइलीवर नसते.

जेटी सुरू करायच्या कमांडला 'लिस्ट-कॉन्फिग' देऊन पाहा; पाथ तिथं दिसला पाहिजे. दिसतोय, पण एकाच ॲपला बदल लागत नाही? त्या ॲपची स्वतःची 'वेब डॉट एक्सएमएल' बघा. जेटी आधी डिफॉल्ट वाचतं, मग ॲपची, म्हणून ॲपमध्ये लिहिलेला टाइमआउट तुमच्यावर मात करतो. वॉर फाइल (बांधून आलेलं ॲप) दुसऱ्याची असेल तर ती फोडत बसू नका. वॉरच्याच नावाची कॉन्टेक्स्ट एक्सएमएल वेबॲप्समध्ये ठेवा आणि तिच्यात ओव्हरराइड डिस्क्रिप्टरचा (तुमचा टाइमआउट लिहिलेली वेगळी फाइल) पाथ द्या; तो सगळ्यात शेवटी वाचला जातो.