आधी पाणी, मग आग : पर्यटनगाडीच्या वाफेच्या इंजिनावर काम शिकताना

सुट्टीच्या दिवशी प्रवाशांना घेऊन निघणाऱ्या जुन्या, पुन्हा चालू केलेल्या वाफेच्या इंजिनावर काम शिकायला येणारे बहुतेक जण शिट्टीच्या आणि आगीच्या ओढीने येतात. मीही तसाच आलो होतो. पहिले काही महिने रेग्युलेटर (सिलिंडरकडे जाणारी वाफ कमी-जास्त करणारा दांडा) तर सोडाच, कोळशाचे फावडेही माझ्या हाती आले नाही. राखेचा खड्डा उपसणे, चिमणीखालच्या स्मोकबॉक्समधील राख काढणे आणि चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवरचे जुने तेल चिंध्यांनी पुसणे, एवढेच काम होते. त्या वेळी ते कंटाळवाणे वाटले, परंतु पुसतानाच माणूस इंजिन वाचायला शिकतो. सैल झालेला नट, सरकलेली खीळ किंवा धातूवरची केसाएवढी बारीक चीर स्वच्छ पृष्ठभागावरच दिसते, आणि ती प्रथम दिसते ती पुसणाऱ्यालाच. म्हणून हे काम टाळून पुढे जाण्याचा मार्ग कोणी दाखवला, तरी तो स्वीकारू नये.

थंड इंजिन पेटवताना घाई करायची नसते. आग लागताच फायरबॉक्सचे, म्हणजे आग पेटते त्या कप्प्याचे, पत्रे तापून प्रसरण पावू लागतात, पण बॉयलरचे बाहेरचे कवच त्या मानाने थंडच असते. या दोहोंना जोडणाऱ्या शेकडो स्टेबोल्टवर त्या फरकाचा ताण येतो, म्हणून पूर्ण थंड बॉयलर हळूहळू, शक्यतो आदल्या दिवसापासूनच, तापवला जातो. पहाटे येऊन दोन तासांत दाब चढवून दाखवणारा माणूस कुशल दिसतो खरा, पण तो पुढच्या माणसासाठी गळक्या नळ्या ठेवून जातो.

आता मुख्य विषयाकडे येतो, आणि तो आहे पाणी. फायरबॉक्सचे छत खालून ज्वाळांनी तापत असते आणि वर पाणी असते, तोवरच ते सुरक्षित राहते. पाणी त्या छताच्या खाली गेले, तर पोलाद थोड्याच वेळात लालबुंद होऊन मऊ पडते आणि दाबाखाली खाली झुकते. दर चौरस सेंटीमीटरला चौदा किलो दाबाच्या बॉयलरमधील पाणी सुमारे १९८ अंश सेल्सियसला असते. छत फाटून दाब एकदम उतरला की त्या पाण्यातील मोठा हिस्सा क्षणात वाफ होतो, आणि वातावरणीय दाबाला एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,६०० लिटर जागा व्यापते. अमेरिकेत गेटिसबर्गजवळ जून १९९५ मध्ये एका पर्यटनगाडीच्या १२७८ क्रमांकाच्या इंजिनाचे छत पाण्याअभावी निकामी झाले आणि इंजिनावरचे तिघे भाजले. तपासात पाण्याची पातळी दाखवणाऱ्या जोडण्यांमध्ये साचलेले क्षार, तसेच देखभालीतील आणि प्रशिक्षणातील त्रुटी समोर आल्या. त्या देशात २००० साली लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार कामाच्या दर ३१ दिवसांनी तपासणी करून बॉयलर धुवावा लागतो, आणि १,४७२ कामाचे दिवस किंवा १५ वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा संपूर्ण बॉयलर उघडून तपासावा लागतो. हे आकडे नवशिक्याने पाठ करावेत असे नाही, पण ते कशामुळे आले हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे.

म्हणून बॉयलरमधील पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली, म्हणजे गेजच्या काचेतली, पातळी नुसती पाहून भागत नाही. गेजचे कॉक बंद-उघड करून पाणी बाहेर सोडावे आणि काचेत ते किती झपाट्याने परत चढते ते पाहावे. चढणे मंद असेल, तर मार्गात क्षार अडकले आहेत आणि ती काच खोटे सांगते आहे, असे समजावे. चढ-उतारावर तर खरी काचही फसवते. चिमणी पुढे ठेवून चढण चढताना पाणी मागे, फायरबॉक्सवर जमा होते आणि काच भरलेली दिसते; माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे धावते. माझ्या पहिल्या वर्षात एका चढणीवर अर्धी काच पाहून मी निर्धास्त होतो. माझ्या ज्येष्ठ फायरमनने (आग आणि पाणी सांभाळणाऱ्याने) एक शब्दही न बोलता इंजेक्टर, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी भरणारे साधन, चालू केला. माथा ओलांडल्यावर काचेच्या तळाशी उरलेले बोटभर पाणी पाहून मला घाम फुटला. तेव्हापासून मी मार्गाचा नकाशा पाण्याच्या हिशेबाने पाठ करतो : माथा कुठे आहे, त्याआधी किती अंतरावर इंजेक्टर लावायचा, आणि थांब्यावर किती पाणी घेता येईल.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट आहे. पाणी फार भरले किंवा त्यात क्षार वाढून फेस आला, तर ते वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जाते आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे सिलिंडरचे झाकण फुटू शकते. गाडी सुटताना ड्रेन कॉक उघडे ठेवतात ते थंड सिलिंडरमध्ये साचलेले पाणी बाहेर पडावे म्हणून; प्रवासी मात्र त्या फवाऱ्याची छायाचित्रे घेत असतात, तेव्हा जवळ कोणी लहान मूल उभे नाही ना, हे आधी पाहावे.

आगीविषयी थोडक्यात सांगतो. कोळसा थोडा थोडा, वारंवार आणि आगीत जिथे भोके पडलेली दिसतील तिथे टाकावा. चिमणीतून हलका राखाडी धूर येत राहिला की काम ठीक चालले आहे असे समजावे. ड्रायव्हर रेग्युलेटर बंद करणार असेल किंवा बोगदा येणार असेल, तर त्याआधी ब्लोअर (चिमणीत वाफेचा झोत सोडून हवेचा ओढा टिकवणारी झडप) उघडावा, नाहीतर चिमणीचा ओढा तुटून ज्वाळा भट्टीच्या दारातून थेट कॅबमध्ये येतात. सगळीच इंजिने कोळशावर चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे : १९४१ साली बांधलेले आणि २०१९ मध्ये पुन्हा धावू लागलेले युनियन पॅसिफिकचे ४०१४ क्रमांकाचे ‘बिग बॉय’ आता तेलावर चालते, आणि तेलाच्या आगीवर फायरमनचा हात ड्रायव्हरच्या हातामागोमाग सतत हलता ठेवावा लागतो.

पर्यटनगाडीवर एक वेगळा दबाव असतो. प्रवाशांनी पैसे मोजलेले असतात, डब्यांतून मुलांचे हसणे ऐकू येत असते, आणि वेळापत्रक चुकले की सगळ्यांची नजर इंजिनाकडे वळते. एकदा थांब्यावर चाकांच्या एका आसाचे बेअरिंग तळहाताची मागची बाजू धरवणार नाही इतके तापलेले आढळले आणि आम्ही गाडी तिथेच उभी ठेवली. चाळीस मिनिटे लोक नाराज होते. तो निर्णय ड्रायव्हरचा होता, पण हात लावून पाहिले होते मी, आणि खरे ते सांगताना माझा आवाज कापत होता. तरीही सांगितले याचे समाधान आजही आहे.

दिवस संपल्यावरचे काम सर्वांत दमवणारे असते, कारण तेव्हा पाहायला कोणी नसते. आग उतरवावी, राख काढावी, डँपर (आगीला हवा देणारी झाकणे) लावावेत, चिमणीवर झाकण ठेवावे, आणि पाणी थंड होताना आकसते म्हणून बॉयलर आधीच पुरेसा भरून ठेवावा. निघण्यापूर्वी दोन्ही काचा पुन्हा एकदा तपासून त्यांतली पातळी नोंदवहीत लिहावी. दुसऱ्या दिवशी पहाटे येणारा माणूस त्या नोंदीशी काचेतली पातळी ताडून पाहतो आणि मगच काडी ओढतो.