कळा घरीच सुरू झाल्या तर: एचआयव्हीसह जगणाऱ्या गरोदर बाईची तयारी

बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, हे आधीच सांगून टाकते. ही यादी तो बेत मोडायला नाही. पण कळा रात्री दोनला येतात, गाडी मिळत नाही, दुसऱ्या खेपेची बाई बघता बघता मोकळी होते. आणि काहीजणी फाइलवर लिहिलेलं कुणी वाचेल या धास्तीने मुद्दामच घरी थांबतात. त्या थांबणाऱ्यांना ओरडून काही होत नाही, हे मी शिकले आहे.

सुरुवात 34व्या आठवड्यात करा. 34 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत ते, तपासून घ्या आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत विचारत राहा. ‘काही असेल तर कळवू’वर विसंबू नका. एका मिलिलिटर रक्तात 50 पेक्षा कमी विषाणू असतील तर नेहमीच्या वाटेने बाळंत व्हायला एचआयव्हीची आडकाठी नसते, आणि जन्मताना बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात एकाच्याही खाली असते. आकडा 1,000 च्या वर असेल तर घराचा विचार सोडा. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी 38व्या आठवड्यात सिझेरियन ठरवतात आणि शिरेतून झिडोव्युडिन हे एचआयव्हीवरचं औषध देतात. त्यातलं काहीच घरी जमणार नाही. मधल्या आकड्याचं डॉक्टरांशी बोलून ठरवा. उपचारच नसतील तर, अंगावर पाजण्याचा काळ धरून, शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते.

आता बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायचं औषध. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण दवाखान्यात ते कपाटात असतं, घरी नसतं. नेव्हिरॅपिनचं सिरप, किंवा तुमच्या बाळासाठी जे ठरलं असेल ते, दिवस भरायच्या आधीच आणून ठेवा. पहिला डोस जितका लवकर तितका बरा. सहा तासांच्या आत द्यायचा असं धरून चला. उशीर झाला म्हणून मात्र सोडून देऊ नका, फोन करून विचारा. अडीच किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या बाळाला साधारणपणे 15 मिलिग्रॅम देतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम असलेलं सिरप दीड मिलिलिटर, दिवसातून एकदा. दोन ते अडीच किलोच्या बाळाला एक मिलिलिटर. त्याहून लहान बाळाचा डोस डॉक्टरांनीच काढायचा. हे चमच्याने मोजता येत नाही. बिनसुईची सिरिंज मागून घ्या, तिथल्या तिथे पाणी ओढून दाखवा, दट्ट्याची कड दीडच्या रेघेला नीट टेकते का ते नर्सला बघू द्या, आणि रेघेवर मार्करने खूण करा. रात्री, थरथरत्या हाताने, आकडे वाचायची वेळ येऊ नये. छोटा वजनकाटाही जवळ असू द्या.

हा प्रश्न जुनाच आहे. 1999 साली युगांडातल्या अभ्यासात कळा सुरू होताच आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि 72 तासांच्या आत बाळाला एक डोस, एवढ्यानेच लागण जवळपास निम्म्यावर आली. गोळी आधीच घरी देऊन ठेवता येई. पुढे दिसलं की अशा एकट्या डोसनंतर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. आता आईला रोजचे, कायमचे उपचार असतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या इंजिनिअरांनी बाळाचा डोस सॉसच्या पुडीसारख्या पाकिटात भरायची युक्ती काढली, तीही घरच्या बाळंतपणांसाठी. तशी पुडी मिळाली तर उत्तम.

तुमच्या स्वतःच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या जास्तीच्या ठेवा. कळांच्या दिवशीही त्या नेहमीच्या वेळी घ्यायच्या. एचआयव्हीच्या गोळ्यांत डोल्युटेग्राविर घेत असाल तर लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी सोबत घेऊ नका. एकतर तिन्ही जेवणासोबत, नाहीतर डोल्युटेग्राविर दोन तास आधी.

घरात निदान एका माणसाला सगळं ठाऊक हवं, जो सिरप पाजेल. सुईणीला सांगावं का? माझं मत, सांगावं. हातमोजे ती प्रत्येकीसाठी घालतेच, घालायलाच हवेत. पण पाण्याची पिशवी हाताने फोडायची नाही, उगाच चीर द्यायची नाही, हे तिला कळलं पाहिजे. तुमच्या औषधांत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर रक्तस्रावावरचं एर्गोमेट्रिनचं इंजेक्शन टाळायचं असतं, कारण रक्तवाहिन्या धोकादायक आखडतात. ऑक्सिटोसिन चालतं. ही ओळ कागदावर ठळक लिहून ठेवा. तिला काही टोचलंच तर बोट पिळायचं नाही, साबणाने धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. प्रतिबंधक गोळ्या 72 तासांच्या आत सुरू होऊन 28 दिवस चालतात.

सामान फारसं नाही: लांब हातमोजे, नवं ब्लेड, नाळ बांधायला निर्जंतुक दोरे, गॉज, प्लास्टिकची चादर, ब्लीच, वापरलेल्या ब्लेडसाठी झाकणाचा डबा. नाळ कापताना तिच्यावर गॉज धरा, रक्ताची चिळकांडी उडत नाही. बाळ पुसा आणि आईच्या छातीशी द्या.

पाणी गेलं, रक्त जायला लागलं, ताप आला किंवा 37 आठवडे भरले नसतील, तर वाट बघायची नाही, निघायचं. घरीच मोकळ्या झालात तरी 24 तासांत बाळासह दवाखान्यात.

पाजण्याचं आधी ठरवा. गोळ्या नियमित असतील तर पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं, पाणीसुद्धा नाही. वरचं द्यायचं ठरलं तर फक्त वरचं. दोन्हींची सरमिसळ नको.

बाळाची पीसीआर तपासणी, म्हणजे रक्तात थेट विषाणू शोधणारी, सहाव्या आठवड्यात, आणि आईकडून आलेल्या अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रथिनं) ओसरल्यावर पक्का निकाल 18व्या महिन्यात. सिरपचा कोर्स सहा आठवड्यांचा असेल तर तो संपतो तेव्हाच पहिली तपासणी येते, म्हणून ती तारीख मी बाटलीच्या लेबलवरच लिहायला सांगते.