साकाईत सुरीकाम शिकायचंय? आधी हे वाचा

जपानी बऱ्यापैकी येते, लोखंडाला हात लावलेला आहे आणि आता ओसाकाजवळच्या साकाईला जायचंय, अशांसाठी लिहितोय.

साकाईत अख्खी सुरी एकटा कारागीर बनवत नाही. लोहार मऊ लोखंडावर पोलाद ठोकून जोडतो, पात्याला आकार देतो, पाणी देतो. धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. काम वाटून देणारा आणि माल विकणारा घाऊक व्यापारी, म्हणजे तोन्या, आणखी वेगळा. पात्यावरचं नाव बऱ्याचदा याच व्यापाऱ्याचं असतं. मी त्या नावांनाच पत्रं पाठवत राहिलो. उत्तरं नम्र यायची, पण शिकवणार कोण? ज्याला विचारत होतो त्याच्याकडे भट्टीच नव्हती! म्हणून आधी ठरवा, भट्टी की धार. मग व्यापाऱ्याला एवढंच विचारा, "या कामाच्या कारागिराशी ओळख करून द्याल का?" आणि "मला सगळंच शिकायचंय" असं चुकूनही लिहू नका. तुम्हाला इथलं काम कळलेलं नाही, एवढंच त्यातून दिसतं.

माझं मत धारेच्या बाजूने. साशिमीची, म्हणजे कच्च्या माशाचे काप करायची, यानागिबा सुरी एकाच बाजूने उतरती असते. मागची बाजू सपाट दिसते, पण बोट फिरवलं की मध्ये खोलगट लागते. त्यामुळे मासा पात्याला कमी चिकटतो आणि दगडावर फक्त कडा टेकतात. नवशिका तिथे जोर लावतो, खोलगट भाग झिजतो आणि महागाचं पातं वाया जातं. हे व्हिडिओ बघून येत नाही. समोर बसून मनगट धरणारा गुरू लागतो. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत मूठ ठोकून सुरी घरी नेता येते, पण त्याला शिक्षण म्हणू नका.

भाषेची धास्ती नको. परीक्षेची जपानी कारखान्यात अपुरी पडते, तिथे ओसाकाची बोली चालते. कान हळूहळू सरावतो. साकाईच्या सुऱ्यांना १९८२ साली सरकारी पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला, तरी आज कारागीर म्हातारे होताहेत आणि शिकाऊ हात हवेच आहेत. तुम्हाला जागा आहे.

पैशांचं मात्र स्पष्ट सांगतो. सांस्कृतिक उपक्रमांच्या व्हिसावर तज्ज्ञाच्या हाताखाली शिकता येतं, पण पगार घेता येत नाही. वेगळ्या परवानगीशिवाय बाहेर कामही करता येत नाही. घरभाडं आणि जेवणखाण भागेल एवढी शिल्लक आधी बँकेत दिसू दे, मगच तिकीट काढा.